तोंड नसलेलं मडकं

…तर भट्टी फुटली ती भर दुपारी. आता फुटली म्हणजे काही सुरुंगासारखी नव्हे. आधी आत कुठंतरी कुणी खोकल्यासारखा आवाज झाला, मग जरा थांबून दुसरा, आणि मग वरच्या थरातली मडकी, पायाखालची फळी काढून घ्यावी तशी, हळूच खाली बसली. त्यांच्यामागोमाग सगळी रास. तीन आठवड्यांचं काम होतं ते. म्हातारी पालथ्या बादलीवर बसून बघत होती. चाळीस वर्षं मडकी घडवणारी बाई. तिच्या जिभेला एरवी सुट्टी म्हणून ठाऊक नव्हती, पण त्या दुपारी तिनं एक अक्षर काढलं नाही. भट्टीचं तोंड विटांनी बुजवलं आणि निवायला सोडून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती जेवली नाही. तिच्या हाताखाली तेव्हा एकच माणूस होता, त्याला सगळे दोरवाला म्हणायचे. तोही जेवला नाही, पण त्याचं कारण वेगळं. भट्टी कशानं फुटली हे त्याला एकट्याला माहीत होतं.

निवल्यावर दोघांनी मिळून राख उपसली. म्हातारी एकेक खापर उचलायची, अंगठ्यानं पुसायची, उजेडात धरायची आणि बाजूला ठेवायची. हे काठाचं, हे बुडाचं, हे पोटाचं. हाडवैद्य हाडं बघतो तसं. शेवटी तिच्या हाताला असे तुकडे लागले की ज्यांना काठच नव्हता. तिनं ते मांडीवर जुळवले. जुळवता जुळवता नुसता एक गोल झाला.

"हे काय आहे?"

"मडकं."

"याचं तोंड कुठं आहे?"

"ठेवलं नाही."

"विसरलास?"

"नाही. मुद्दाम नाही ठेवलं." दोरवाल्यानं मान खाली घातली आणि हात तेवढा खिडकीकडे केला. "तिनंही नव्हतं ठेवलं."

"तिनं? कुणी तिनं?"

खिडकीच्या चौकटीत, वरच्या कोपऱ्याला, लिंबाएवढं मातीचं घर चिकटलेलं होतं. गांधीलमाशीच्या जातीची एक बारीक कमरेची माशी असते, मातीची घरं बांधते, लोक तिला कुंभारीणच म्हणतात. तिचं घर. म्हातारीनं त्या घराकडे पाहिलं, मग मांडीवरच्या तुकड्यांकडे, मग दोरवाल्याकडे. आणि मग जी सुरू झाली!

"नवरा गेला, दोन मुलं गेली, पण या भट्टीनं मला कधी दगा दिला नाही. आणि तू एका माशीचं ऐकून ती खाली बसवलीस? अरे, ती माशी घर भाजते का? उन्हात वाळवते आणि उडून जाते! भाजायचं तर वाफेला बाहेर पडायला वाट लागते, हे तुला कुणी सांगितलं नाही, कबूल. का सांगितलं नाही? कारण असाही गाढव जन्माला येईल हे कुणाला सुचलंच नव्हतं!"

हे सगळं ऐकताना दोरवाल्याला हायसं वाटलं. बोलणारी माणसं त्याला परवडायची. न बोलणारी एक त्याच्या घरी होती.

पण हा माणूस मडकी घडवायला आला कसा, ते सांगायचं राहिलं. ते सांगितलं नाही तर भट्टीची नुसती गंमत वाटेल, आणि ही गोष्ट गमतीची नाही.

हा आणि याचा थोरला भाऊ विहिरी खणायचे. एक खाली उतरायचा, कुदळीनं खणून पाट्या भरायचा. दुसरा वर दोर सांभाळायचा, पाट्या ओढून रिकाम्या करायचा. पाळी ठरलेली. आज हा खाली, उद्या तो. थोरला म्हणजे हसरा, मोठ्या आवाजाचा गडी. खणता खणता गाणी म्हणायचा, आणि त्याचं गाणं विहिरीतून वर यायचं ते जमिनीलाच कंठ फुटल्यासारखं. जिभेवर मातीचा खडा ठेवायचा आणि सांगायचा, अजून सहा फुटांवर पाणी. सहाच फुटांवर लागायचं. धाकटा त्याच्या उलट. घाबरट म्हणा, सावध म्हणा. एकदा पूर्वी कधीतरी त्यानं खालून "भिंत हलली, भिंत हलली" म्हणून बोंब मारली, लोक जमा झाले, दोन दिवस काम बंद राहिलं, आणि भिंत जागची हलली नव्हती. तेव्हापासून थोरला चहाच्या टपरीवर सांगायचा, "आमचे बंधुराज विहिरीत उतरण्याआधी भिंतीची परवानगी घेतात. भिंत नाही म्हणाली तर घरी येतात." टपरी हसायची. धाकटाही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

मग ती शेवटची विहीर. बावीस फूट झाली होती. त्या दिवशी धाकट्याची पाळी नव्हती, थोरल्याचीच होती, पण थोरल्याला बाजारात काम निघालं, म्हणून वर दोराला एक रोजाचा गडी ठेवून त्याच्याऐवजी धाकटा खाली उतरला. निळसर करडी, लोण्यासारखी माती लागली होती. दुपारनंतर त्याला दिसलं की कमरेएवढ्या उंचीवर भिंतीला घाम सुटलाय. पाण्याची धार नाही, पाझर नाही, नुसता घाम, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर असतो तसा. त्यानं बोट लावलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

वर आल्यावर तो बोलला नाही. टपरीचं हसू त्याच्या कानात अगोदरच वाजायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशीची पाळी तर त्याचीच होती. सकाळी त्यानं अंथरुणातून हाक मारून सांगितलं की पाठ धरलीय, वाकता येत नाही. वहिनीनं चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, त्याच्या पाठीवर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "भाऊजींना आज उतरवू नका. तुम्हीच जा की खाली. एका दिवसानं काय झिजाल?"

थोरला हसत गेला. धाकटा मागून दोर धरायला गेला. दोराला वाकावं लागत नाही, उभं राहिलं तरी चालतं.

भिंत अकराच्या सुमाराला खाली आली. थोरल्याच्या कमरेला दोर होता, आणि त्याचं दुसरं टोक धाकट्याच्या उजव्या हाताला तीन वेढे. माती बसल्यावर दोर ताठ झाला. आणि मग खालून तो ओढला गेला. एकदा, दोनदा, थांबून पुन्हा. बराच वेळ ओढला जात होता. नंतर नाही. लोक धावत आले तेव्हाही धाकट्यानं वेढे सोडले नव्हते. त्याला सोडता येईनात. शेवटी कुणीतरी कोयत्यानं दोर तोडला. थोरल्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. दोरानं धाकट्याचा तळहात हाडापर्यंत कापून काढला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुढं कधीच वाकलं नाही.

गाव म्हणालं, भाऊ असावा तर असा. हात गेला पण दोर सोडला नाही. त्याच दिवसापासून तो दोरवाला झाला, आणि हे नाव लोक मानानं घेत. रस्त्यात एखादा म्हातारा थांबून त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा. दोरवाल्याला त्या वेळी वाटायचं, याच्यापेक्षा यानं थोबाडीत मारली असती तर बरं.

आणि घरी वहिनी. दोन खोल्यांचं घर. मागची तिची, पुढची याची. ती याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची, लागेल तेवढं बोलायची. पण कधीतरी, भांडी घासताना म्हणा, कपडे पिळताना म्हणा, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायची, "मी म्हटलं नसतं तर ते गेले नसते." रडायची नाही. बादली भरली की नळ बंद करावा तसं एवढंच म्हणायची आणि गप्प व्हायची. दोरवाला प्रत्येक वेळी उठून बाहेर जायचा. म्हणजे घरात माणसं दोन, अपराध एक, आणि तो चुकीच्या माणसाकडे. एका वाक्यात तो तिच्या अंगावरून उतरला असता. ते वाक्य रोज त्याच्या घशाशी यायचं. पण ते वाक्य बोलल्यावर तिनं त्याला कोणत्या नजरेनं पाहिलं असतं? या जगात त्याच्यासाठी ताट झाकून ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं.

विहिरीचं काम सुटलं. पण माती कुठं कशी आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. म्हणून हातगाडीवर माती भरून तो म्हातारीकडे पोचवू लागला. म्हातारी मातीचा गोळा दोन बोटांत चोळायची आणि म्हणायची, "बरी आहे." तिचं बरी म्हणजे उत्तम. माती उतरवून झाली तरी तो रेंगाळायचा. घरी जायला पाय निघायचा नाही. तिच्या पत्र्याच्या शेडच्या दारात बसून राहायचा.

"बसलाच आहेस तर बस चाकावर," एक दिवस म्हातारी म्हणाली.

बसला. माती मध्यभागी राहीना. ताठ राहिलेली दोन बोटं प्रत्येक फेऱ्याला काठ फाडायची. म्हातारीनं पाच-सहा दिवस पाहिलं आणि निकाल दिला, "चाकाला दोन हात लागतात. तुझ्याकडे दीड आहे. तू आपला माती मळ."

तर तो माती मळू लागला, आणि मळता मळता खिडकीकडे बघू लागला. तिथं ती माशी काम करत होती. माशीला चाक नव्हतं, हात तर मुळीच नव्हते. ती कोरड्या जमिनीवर उतरायची, तोंडातलं पाणी तिथं सोडायची, आणि मुगाच्या दाण्याएवढी चिखलाची गोळी करून आणायची. गोळी काठावर ठेवायची, पुढच्या पायांनी दाबत दाबत तिची पट्टी ओढायची, आणि निघून जायची. घाई नाही. पुन्हा यायची तोवर मागची पट्टी सुकून आवळलेली असायची. ओल्यावर ओलं ती कधीच चढवत नव्हती. दोरवाल्यानं तीन दिवस हेच पाहिलं. चौथ्या दिवशी त्यानं मातीची बोराएवढी गोळी केली, अंगठ्यानं पट्टी ओढली, आणि थांबला. सुकायला लागल्यावर दुसरी ठेवली. या कामाला अंगठा आणि दोन बोटं पुरतात. तेवढी त्याच्याकडे होती.

पहिलं मडकं बघून म्हातारी म्हणाली, "हे मडकं आहे की आजारी बटाटा?"

पण फेकलं नाही तिनं. भाजून घेतलं, मग पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी बोटानं खालची जमीन चाचपली, कोरडी होती. तेव्हा जरा नरमली. "दिसायला बटाटा असला तरी गळत नाही. चालू दे."

मग काय, माणूस पिसाळला. विहीर खणताना ज्यानं जमिनीचं फक्त पोट पाहिलं होतं, तो आता जमिनीच्या वर काय काय आहे ते बघत हिंडू लागला. खसखशीचं वाळलेलं बोंड आणलं; त्याच्या डोक्यावरचा तो लहानसा मुकुट बोटानं चाचपत बसायचा. ओढ्याच्या काठावरच्या भेगाळलेल्या मातीचा पापुद्रा आणला. गोगलगाईचे रिकामे शंख, उलटी पडलेली अळंबी, पाखरानं सोडून दिलेलं घरटं. शेडच्या फळ्या भरून गेल्या. म्हातारी कुरकुरायची, "मी मडक्यांचा धंदा करते की केराचा?" पण त्याची मडकी बदलत होती. बोंडासारख्या खांद्याची झाली, शंखासारखी एका अंगाला कललेली झाली, आणि कललेली असून उभी राहायची.

अशातच त्या माशीनं घर बंद केलं. शेवटची गोळी तोंडावर ठेवली, बाहेरून गुळगुळीत केली आणि गेली ती गेलीच. दोरवाल्याला राहवेना. त्या चौकटीवर तिचं अजून एक घर होतं, ते त्यानं चाकूच्या टोकानं उघडलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या एकीला एक चिकटून कोंबलेल्या होत्या, आणि त्यांच्यात एक पांढरा किडा. त्यानं गवताच्या काडीनं एका अळीला स्पर्श केला. अळी मेलेली नव्हती. ती किंचित वळली, एवढंच. जास्त वळायचं बळ तिच्यात माशीनं ठेवलंच नव्हतं. पांढरा किडा तिला खात होता.

दोरवाला शेडच्या मागं जाऊन ओकला.

दुसऱ्या दिवशी आला आणि तेच घर करायला बसला. माणसाच्या डोक्याएवढं. कशासाठी, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गोळीमागून गोळी लावत गेला, आणि शेवटची गोळी तोंडावर ठेवून बाहेरून गुळगुळीत केली. म्हातारी लाकडं आणायला गेलेली बघून त्यानं ते भट्टीच्या सगळ्यात खालच्या थरात, मागच्या बाजूला ठेवलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

म्हातारीनं त्याला हाकलला नाही. म्हणाली, "पळून गेलास तर तंगडं मोडीन. आधी हे सगळं कुटून दे." भाजलेली खापरं कुटून त्यांची भरड नव्या मातीत मिसळली तर ती माती आगीत तडकत नाही, ही या धंद्यातली रीत. दोरवाला सात आठवडे कुटत होता. दगडी उखळ, लोखंडी मुसळ आणि चाळणी. दाढी तांबडी झाली, खोकला जडला. म्हातारी येता-जाता चाळणीत हात घालायची आणि म्हणायची, "अजून बारीक. माझा जीव काढताना कसा बारीक काढलास, तसा." त्या भरडीची मडकी मात्र अशी निघाली की ठोकली तर घंटेसारखी वाजायची.

एक खोड त्याला लागली ती तेव्हाची. भट्टीत रचण्याआधी प्रत्येक मडक्याच्या भिंतीला तो बोट लावून बघायचा. सगळेच बघतात, ओल राहिली नाही ना म्हणून. पण एकदा बघतात. हा सकाळी बघायचा, दुपारी बघायचा, रचताना पुन्हा बघायचा. म्हातारी एकदा थट्टेनं म्हणाली, "ओल्या भिंतीनं कुणाचा जीव घेतलास की काय रे?"

त्याच्या हातातलं मडकं खाली पडलं. म्हातारीनं तुकड्यांकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि केरसुणी घेऊन स्वतःच तुकडे गोळा केले. ती थट्टा तिनं पुन्हा केली नाही. त्यानंतर दोन हिवाळे ती होती. तिसऱ्या हिवाळ्यात चाकाशी बसल्या बसल्या गेली. शेडची किल्ली आदल्या महिन्यातच तिनं त्याच्या खिशात टाकली होती. वर म्हणाली होती, "माशीला भागीदार घेऊ नकोस."

ती गेल्यावर वहिनी शेडमध्ये यायला लागली. आधी डबा घेऊन यायची, दाराबाहेरून द्यायची. मग एकदा आत आली, अर्धवट सुकलेलं मडकं हातात घेतलं, फिरवलं, आणि म्हणाली, "भाऊजी, याला कुणी घोटत का नाही?" ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा तिथंच फळीवर पडला होता. तो घेऊन तिनं मडकं घोटायला सुरुवात केली. दाबत, गोल गोल, एकाच दिशेनं. संध्याकाळपर्यंत त्या मातीवर पाण्यासारखी चमक आली. त्या दिवसापासून ते तिचं काम. याचं घडवणं, तिचं घोटणं. सहा वर्षं समोरासमोर बसले दोघं. बोलणं फारसं नाही. गोट्याचा आवाज तेवढा यायचा. आणि कधीतरी तो आवाज थांबायचा, वहिनी म्हणायची, "मी म्हटलं नसतं तर," आणि आवाज परत सुरू व्हायचा. दोरवाला उठून भट्टी बघायला जायचा, भट्टी विझलेली असली तरी.

तिचे केस पांढरे होत चालले होते. पाठीत वाकली होती. आपल्यासमोर एक माणूस आपल्या पायी झिजतोय, हे तो रोज बघत होता, आणि रोज गोळीवर गोळी ठेवत होता.

अशात शहरातून एक दुकानवाल्या बाई आल्या. त्यांच्या दुकानात याची मडकी जायची आणि खपायची. बाई स्वभावानं चांगल्या, पण उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी. त्यांच्या डोक्यात होतं की प्रत्येक मडक्याबरोबर एक छापील कार्ड द्यायचं, त्यावर कारागिराची ओळख. दुपारी येऊन स्टुलावर बसल्या आणि वही उघडली.

"तुमची प्रेरणा निसर्ग, असं लिहू ना?"

"लिहा," दोरवाला म्हणाला.

"निसर्गातलं नेमकं काय?"

"माशी."

बाईंचं पेन थांबलं. "माशी जरा… कार्डावर बरी दिसणार नाही हो. फुलं लिहू?"

"फुलं मी कधी केली नाहीत."

"मग पक्षी?"

"पक्षी कशाला? माशीनं शिकवलं, तिचं नाव घालायला लाज कसली?"

वहिनी घोटता घोटता हसली. तिचं हसू त्या शेडमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं असावं, कारण तिनं लगेच तोंडावर पदर धरला. दोरवाला बघतच राहिला. बाईही खूश झाल्या. "बरं बरं, माशी लिहिते. आता खरं महत्त्वाचं. हाताचं. मी गावात विचारून आले आहे, तुम्ही सांगायची गरज नाही." त्यांनी आधीच लिहून आणलेलं वाचलं, "भावाचा दोर शेवटपर्यंत न सोडणारे हात आज मातीला आकार देत आहेत. कसं वाटतं?"

"ते राहू द्या," दोरवाला म्हणाला.

"अहो, एवढा विनय बरा नव्हे! हे तर हवंच. प्रत्येक मडक्याबरोबर ही गोष्ट घरोघर जाईल."

"नको म्हटलं ना."

"लिहा हो ताई," वहिनी म्हणाली. गोटा फिरतच होता. "खरंच आहे ते. भाऊजींनी दोर सोडला नाही. आणि कार्डावर जागा उरली तर एक ओळ माझी घाला."

"तुमची? तुमची कोणती?"

"त्या विहिरीत नवऱ्याला मी पाठवलं."

बाई गोंधळल्या. वहिनीनं मग सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. पाळी भाऊजींची होती. भाऊजींची पाठ धरली होती. मी वीट तापवली आणि नवऱ्याला म्हटलं, तुम्ही जा. ते जायचे नव्हते, मी पाठवलं.

"अहो, पण यात तुमचा काय दोष?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नव्हतं. पण शब्द माझाच होता ना? दोर सोडला नाही त्यांचं नाव छापायचं, तर ढकलणारीचंही छापावं. लोकांना पुरतं कळू दे."

गोट्याचा आवाज चालू होता. दोरवाला नेहमीसारखा उठला. दारापर्यंत गेला. दाराच्या चौकटीला त्यानं तो अर्धा हात टेकला. बाहेर भट्टी थंडगार पडलेली होती, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. तो वळला, परत आला, आणि आपल्या जागेवर न बसता वहिनीच्या समोर जमिनीवर बसला. तिच्या हातातला गोटा त्यानं काढून घेतला. अकरा वर्षांत त्यानं तिच्या हाताला स्पर्श केलेला नव्हता. ती दचकून म्हणाली, "काय झालं, भाऊजी?"

तो म्हणाला, "वहिनी, माझी पाठ धरली नव्हती. आदल्या दिवशी मी खाली होतो तेव्हा भिंतीला बोट लावलं, तर बोट आत गेलं, आणि वर येऊन मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही वीट ठेवत होतात तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो, कारण तुमच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून नाही उतरला तो. वाटेत त्यानं मला विचारलं होतं, काल भिंत कशी होती रे? मी म्हटलं, कोरडी."